‘समजावून सांगितले’ ही ओळ खरी असू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या जमीन हडप प्रकरणांच्या बातम्या आपल्या दैनिकात सातत्याने येत असतात. २०२२ साली सरकारने विशेष तपास पथक नेमले, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमला, आणि बनावट दस्तऐवज, खोटे मुखत्यारपत्र हे विषय घरोघरी बोलले जाऊ लागले. आमच्या गावातली माणसे आता आपापल्या जमिनीचे एक-चौदाचे उतारे (सातबारासारखे) काढून बघतात, हे फार चांगले झाले. मला मात्र ज्या कागदाबद्दल लिहायचे आहे तो बनावट नसतो. त्यावरची सही खरी असते, नोटरीचा शिक्का खरा असतो, सही करणारा स्वतः तिथे हजर असतो. आत काय लिहिले आहे एवढेच त्याला ठाऊक नसते.

आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांत कागद इंग्रजीत चालतो. दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र, अर्ज, सगळे इंग्रजीत. ज्यांच्या नावाने हे कागद दाखल होतात त्यांतले किती तरी जण मराठी शाळेत चौथी-सातवीपर्यंत शिकलेले असतात. म्हणून अशा माणसाच्या प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ घालतात: वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो मला समजला आणि तो खरा आहे. पक्षकाराच्या रक्षणासाठी असलेली ही ओळ बहुतेक वेळा मजकुराबरोबरच टाइप होऊन येते. समजावण्याआधीच समजावल्याची नोंद तयार असते.

मी डिचोली तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आईवडिलांच्या पश्चात आमच्या घराण्याची इन्व्हेंटरी न्यायालयात दाखल झाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गोव्यात वारसांमधली वाटणी २०१२ च्या वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याने होते. एक वारस कुटुंबप्रमुख म्हणून शपथेवर सगळ्या मालमत्तेची यादी देतो, बाकीच्यांना नोटिसा जातात, कोणाची हरकत असेल तर ती मुदतीत घ्यायची असते, आणि त्या यादीवरून पुढची सगळी वाटणी ठरते. आमच्यात थोरला भाऊ कुटुंबप्रमुख. नोटीस आल्यावर नातेवाइकांनी सुचवलेल्या पणजीच्या एका नावाजलेल्या वकिलांकडे मी वकीलपत्र दिले. त्यांचे नाव इथे घेण्याची गरज नाही. त्यांच्यासारखे कामकाज पुष्कळ ठिकाणी चालते, आणि मला व्यक्तीबद्दल नव्हे, रीतीबद्दल लिहायचे आहे.

तारखेच्या आदल्या दिवशी त्यांचा कारकून डिचोली बसस्थानकावर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. ‘बाई, हांगा सही करात, फाल्यां फायल करपाचें आसा,’ (इथे सही करा, उद्या दाखल करायचे आहे) म्हणाला. मी कागद मागितले आणि तिथल्याच बाकावर बसून वाचू लागले. माझे इंग्रजी सावकाशीचे, पण वाचायची सवय आहे. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते की कुटुंबप्रमुखाने दिलेली मालमत्तेची यादी पूर्ण असून माझी तिला हरकत नाही. मी यादी कुठे आहे विचारले. ती जोडलेली नव्हती. कारकून म्हणाला, यादी साहेबांनी बघितली आहे. आणि शेवटच्या पानावर ती ओळ होतीच: मजकूर मला मराठीत समजावून सांगण्यात आला, तो मला समजला.

मी सही केली नाही. यादीची प्रत मिळेपर्यंत करणार नाही असे सांगितले. तो बिचारा घाबरला, त्याने वकीलसाहेबांना फोन लावून दिला. ‘बाई, तुम्ही शाळा चालवली, केस आम्हाला चालवू द्या,’ असे ते म्हणाले. माणूस रागावला नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होते की यादी वाचणे हे पक्षकाराचे काम नव्हे.

यादी पुढे हाती आली. घर होते, कुळागर (माडा-पोफळींची बाग) होते, काजूचे भाट (बागायत) होते. पण भाट ज्या सर्व्हे नंबरात आहे त्याचे दोन उपविभाग पडलेले आहेत आणि यादीत त्यांतला एकच होता. वरच्या बाजूचा, ओहोळापलीकडचा तुकडा कुठेच नव्हता. माझ्या बालपणी मे महिन्यात त्याच तुकड्यातली बोंडे आम्ही टोपल्या भरभरून आणली आहेत, म्हणून मला तो आठवला. पणजीत बसलेल्या वकिलांना तो आठवण्याचे कारणच नाही. दोन्ही उपविभागांचे उतारे काढून समोर ठेवले तेव्हा भावानेही तो तुकडा यादीत घालायला का-कू केली नाही. कदाचित त्याच्याही वकिलाने त्याला यादी वाचून दाखवली नसेल. राहून गेलेली मालमत्ता पुढे पुरवणी वाटणीत आणता येते हे खरे, पण ‘यादी पूर्ण आहे’ असे शपथेवर लिहून दिल्यानंतर कोणत्या तोंडाने आणायची?

त्यानंतर मी वकील बदलला. याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण एकदा वकीलपत्र दिले की आपण बांधले गेलो असा समज लोकांत घट्ट आहे. तसे नाही. वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने लेखी रद्द करता येते. नवा वकील उभा करताना आधीच्याची संमती घ्यायची असते, आणि त्याने ती दिली नाही तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकील फाइल अडवून धरू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. फी वसूल करायचे इतर मार्ग त्याला मोकळे आहेत, पक्षकाराचे कागद हे तारण नव्हे. मला माझी फाइल सभ्यपणे परत मिळाली. पण पेडण्यातल्या माझ्या एका नात्यातल्या बाईंना मूळ विक्रीपत्र परत मिळवण्यासाठी महिनोन्महिने खेपा घालाव्या लागल्या, कारण त्यांनी मूळ कागद दिला आणि पोचपावती घेतली नाही. मूळ कागद न्यायालयात दाखवायच्या दिवशी न्यावा. वकिलाच्या कपाटात छायाप्रत पुरते.

दुसऱ्या वकील डिचोलीतल्याच, वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी कोरा कागद घेतला आणि आमचा वंशवृक्ष काढायला बसल्या. कोण कधी जन्मले, कोणाचे लग्न कुठे नोंदले, लग्नाआधी मालमत्तेचा करार केला होता का, एकेक विचारत गेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, ‘बाई, आधी वडील वारले की तुमचे यजमान?’ मी म्हटले, आधी वडील. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून मला सांगितले की करार न करता गोव्यात लग्न झाले असेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि वारशाने आलेलीही तिच्यात येते. वडिलांच्या मृत्यूनंतर माझ्याकडे आलेल्या हक्कात माझ्या यजमानांचा अर्धा वाटा होता, आणि ते गेल्यावर त्यांच्या वाट्यापुरती माझी मुलेही या इन्व्हेंटरीत हितसंबंधी ठरतात. त्यांना नोटीस गेली नाही तर पुढे सगळे काम खोळंबेल. हा प्रश्न मला आधीच्या कार्यालयात कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी मला कळले की चांगला वकील ओळखायचा तो त्याच्या प्रश्नांवरून.

म्हणून वकील निवडताना लोक जे बघतात त्याबद्दल मला बोलायचे आहे. कार्यालय केवढे, बाहेर गाड्या किती, टीव्हीवर दिसतो का, न्यायाधीशांशी ओळख आहे असे कोण म्हणते. शेवटच्या गोष्टीचा नुसता उल्लेख झाला तरी तिथून उठावे असे मी माझ्या मुलांना सांगून ठेवले आहे. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे चौकशी तोंडोतोंडीच करावी लागते. पण मग ती नीट करावी. ‘वकील चांगला आहे का’ असे न विचारता ‘तुझी केस कसली होती, कुठे चालली, तारखेला कोण उभे राहायचे, कागदाची प्रत तुला मिळायची का’ असे विचारावे. मामलेदारासमोर मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) प्रकरण चालवणे वेगळे, मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा वेगळा, इन्व्हेंटरी वेगळी. मुंडकार कायदा १९७५ चा, कूळ कायदा १९६४ चा, दोन्हींत मधल्या काळात किती फेरफार झाले! मामलेदार कार्यालयात रोज जाणारा साधा वकील अशा कामात जेवढा उपयोगी पडतो तेवढा पर्वरीच्या उच्च न्यायालयात गुंतलेला मोठा वकील पडेलच असे नाही. त्याचा ज्युनियर तारखेला येतो, फाइल त्याने वाचलेली नसते, तो पुढची तारीख मागतो, आणि गावाहून कामधंदा टाकून आलेले म्हातारे जोडपे परत बस धरते. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या आजींच्या पिशवीत डबा होता, तो त्यांनी तसाच घरी नेला.

फीबद्दल आपल्याकडे संकोच फार. डॉक्टरला विचारतो तसे वकिलाला विचारत नाही. पहिल्याच भेटीत विचारावे की फी टप्प्याटप्प्याने की एकरकमी, कोर्ट फी आणि टायपिंग-झेरॉक्सचा खर्च त्यात धरला आहे का, प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे आहेत का. आणि ते चार ओळींत लिहून घ्यावे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवायचा असतो आणि मागितल्यास त्याची प्रत द्यायची असते. त्याच नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. गोव्यात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून ‘आता काही देऊ नका, जिंकल्यावर त्यातला एक प्लॉट माझा’ अशी बोली कानावर येते. गरीब माणसाला ती दयाळूपणाची वाटते. ती नियमबाह्य आहे, आणि ज्या वकिलाला तुमच्या जमिनीतला तुकडा हवा आहे तो तुम्हाला तडजोडीचा सल्ला मोकळ्या मनाने कसा देईल?

पैसेच नसतील तर काय, असे मला बायका विचारतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीत असलेली व्यक्ती, यांनाही तसाच. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. ‘फुकटचा वकील लक्ष देत नाही’ असे म्हणून लोक तिकडे जात नाहीत. मी एवढेच म्हणेन की प्रश्न विचारायचा आणि प्रत मागायचा हक्क तिथेही तितकाच आहे.

वकिलांची बाजूही मांडली पाहिजे. आमच्या या तरुण वकीलबाई सांगतात की पक्षकार खरी गोष्ट सांगत नाहीत. वडिलांनी हयातीत एका मुलाला दानपत्र करून दिले होते, हे वादीच्या उलटतपासणीत कळते. बहिणीने पूर्वी हक्कसोड केली होती, हे समोरचा वकील कागद काढून दाखवतो तेव्हा कळते. लोकांना वाटते, आपल्या विरुद्ध जाणारे सांगितले तर वकील केस घेणार नाही, किंवा गावभर होईल. पण कामाच्या निमित्ताने वकिलाला सांगितलेली गोष्ट तुमच्या संमतीशिवाय तो उघड करू शकत नाही. जुन्या पुरावा कायद्यातही हे संरक्षण होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पुढचा गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला तर मात्र ते लागू नाही. तेव्हा विरुद्ध जाणारा कागद सर्वांत आधी वकिलासमोर ठेवावा. त्याला तयारीला वेळ मिळतो. आणि सोबत दहा नातेवाईक नेऊ नयेत. प्रत्येक जण वेगळी हकिकत सांगतो आणि ज्याची केस तो कोपऱ्यात गप्प बसतो.

हक्कसोडीचा विषय निघालाच आहे तर माझ्या मनाला सर्वांत लागणारी गोष्ट लिहिते. आपल्या गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आहे. देशात इतरत्र मुलींना यासाठी किती लढावे लागले! पण चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणीला ‘घराचे काम अडले आहे, एक सही हवी’ म्हणून सब-रजिस्ट्रारकडे नेले जाते. नवऱ्याचीही संमती लागते, म्हणून त्यालाही बोलावतात. दस्त इंग्रजीत. वकील भावाने ठरवलेला. बहिणीला कोणी विचारत नाही की बाई, तुझा वाटा किती होतो, ठाऊक आहे का? मनापासून सोडणाऱ्या बहिणी आहेत, आणि त्यांचे ते देणे मोठे आहे. पण काय देतो आहोत हे कळल्याशिवाय दिलेले मी देणे मानत नाही. वाट्याला काय येत होते हे त्या बहिणीला तिच्या स्वतःच्या वकिलाने, भावाच्या नव्हे, मराठीत किंवा कोकणीत सांगितलेले असावे.

आपली केस कुठे आहे हे आता घरबसल्या बघता येते. न्यायालयातल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो घातला की मागच्या तारखेला काय झाले, पुढची कधी, आदेश काय, हे दिसते. वकिलाकडून पहिल्याच दिवशी हा क्रमांक मागून घ्यावा आणि नातवाला फोनमध्ये घालायला सांगावा. हे आवश्यक आहे, कारण गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घेण्याची मुदत साधारण तीस दिवसांची असते, आणि जिल्हा न्यायालयातल्या अपिलाचीही तीसच. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक प्रकरणात म्हटले. त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पक्षकाराने स्वतः लक्ष ठेवले होते का, असेही न्यायालये विचारतात. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट बंद झाली आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते, पण तोवर जमिनीचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

म्हणून माझे मागणे अगदी सुरुवातीच्या पायरीशी आहे. म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, काणकोण, जिथे जिथे न्यायालय आहे तिथल्या वकील संघटनांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना मी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते की ‘समजावून सांगितले’ ही ओळ आधी टाइप करू नये. तिथे जागा कोरी ठेवावी. ज्याने मजकूर समजावला त्याने त्या जागेत आपले नाव, तारीख आणि कोणत्या भाषेत समजावले ते स्वतःच्या हाताने लिहावे व सही करावी. नोटरीने शिक्का मारण्याआधी पक्षकाराला एकच प्रश्न विचारावा, ‘यात काय लिहिले आहे, सांगा पाहू.’ उत्तर आले नाही तर शिक्का मारू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. दहा मिनिटे लागतात. आणि न्यायालयाच्या आवारात मराठीत व कोकणीत एक फलक लावावा की प्रत्येक दाखल कागदाची प्रत मागणे हा पक्षकाराचा अधिकार आहे.

आमच्या तालुक्यातल्या महिला मंडळांपैकी कोणाला यावर बैठक घ्यायची असेल तर आमच्या वकीलबाई यायला तयार आहेत, मीही येईन. येणाऱ्यांनी आपापल्या केसचे कागद सोबत आणावेत, तिथे बसून ते मराठीत वाचू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
डिचोली, गोवा